जुनी गोळी, नवी परीक्षा

सेप्सिसमध्ये बंद पडत चाललेल्या किडनीला सावरणारं एकही खात्रीचं औषध आज जगातल्या कुठल्याही रुग्णालयात नाही. अँटिबायोटिक जंतूंवर काम करतं. सलाईन आणि नॉरॲड्रेनलिन रक्तदाब धरून ठेवतात. डायलिसिस किडनीचं काम काही दिवस बाहेरून करून देतं. हे सगळं लागतंच आणि त्यानं माणसं वाचतातही. पण खुद्द किडनीच्या पेशींना होणारी इजा थांबवायला डॉक्टरांच्या हातात काही नसतं. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नसतं आणि जिल्ह्याच्या रुग्णालयातही नसतं. मधुमेहासाठी घरोघरी घेतली जाणारी एखादी गोळी ही उणीव भरून काढू शकेल का, आणि शकते की नाही हे ठरवायचं कसं, हे दोन प्रश्न या पुस्तिकेचा विषय आहेत. मला दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो आणि ही प्रस्तावना बरीचशी त्याच्यासाठीच लिहिली आहे.

आयसीयूत दिसणारा हा आजार सुरू होतो मात्र फार लांब. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातलं देवगाव फाटा घ्या. मंठ्याकडून जिंतूरकडे जाणारा रस्ता आणि सेलूकडे वळणारा रस्ता इथे भेटतात. आजूबाजूला कापूस, सोयाबीन, तूर. अशा गावातला पन्नाशीचा शेतकरी डोळ्यांपुढे आणा. दहा वर्षांचा मधुमेह, पायाची जाणीव कमी झालेली. पऱ्हाटीचा खुंट तळपायात घुसतो आणि त्याला ते संध्याकाळी चप्पल काढताना कळतं. दोन दिवस हळद, मग ताप, अंगदुखी. दवाखान्यात जाऊन तो दुखण्याचं इंजेक्शन मागून घेतो, कारण उद्या रानात जायचं असतं. जेवण सुटलेलं, पाणी कमी, उन्हाचा तडाखा, वर दुखण्याच्या गोळ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस बरळायला लागतो, श्वास जोरात चालतो, हातपाय गार पडतात. मग गाडी करून सेलू, तिथून परभणी, नाहीतर जालना किंवा थेट छत्रपती संभाजीनगर. तिथला डॉक्टर विचारतो, “यांना लघवी शेवटची कधी झाली?” बरोबरचे नातेवाईक एकमेकांकडे बघतात. ताप सगळ्यांनी मोजलेला असतो, साखरही मोजलेली असते. लघवीकडे कुणाचं लक्ष नसतं.

जंतुसंसर्गाला तोंड देताना शरीराचा स्वतःचाच प्रतिसाद हाताबाहेर जातो आणि अवयव निकामी व्हायला लागतात, तेव्हा त्याला सेप्सिस म्हणतात. नातेवाइकांच्या भाषेत ‘इन्फेक्शन रक्तात पसरलं’. २०१७ साली जगभरात ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यातले १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंतला जवळपास एक. भारतातल्या ३५ आयसीयूंच्या पाहणीत दाखल रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांना सेप्सिस असल्याचं आढळलं. या आजारात किडनी फार लवकर सापडते, आणि एकदा ती सापडली की मृत्यूचा धोका पुष्कळ वाढतो. जे वाचतात त्यांतल्या काहींच्या किडन्या पहिल्यासारख्या होत नाहीत. वर्षा-दोन वर्षांनी ते कायमच्या किडनीविकाराचे रुग्ण म्हणून परत येतात.

ही इजा ओळखायची खूण अगदी साधी आहे. साठ किलो वजनाच्या माणसाला तासाला निदान ३० मिलिलिटर लघवी व्हायला हवी. सलग सहा तास त्याहून कमी झाली तर किडनीला इजा झाली असं धरतात. आयसीयूतल्या नर्सची रात्रपाळी म्हणूनच खाटेला लटकलेल्या पिशवीपाशी जाते: दर तासाला खाली वाकायचं, मापाची रेघ बघायची, तक्त्यावर आकडा लिहायचा. चाळीस, पंचवीस, पंधरा, दहा. रक्तातलं क्रिएटिनिन दुसरी खूण. ४८ तासांत ते डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढलं तरी पुरे. पण क्रिएटिनिन उशिरा बोलतं. ते वाढलेलं दिसेपर्यंत इजा होऊन काही तास, कधी दिवसही गेलेले असतात.

पूर्वी समज असा होता की रक्तदाब पडला, किडनीला रक्त पोचलं नाही, म्हणून ती मेली. पुढे मेंढ्यांवरच्या प्रयोगांत दिसलं की सेप्सिसमध्ये किडनीकडे जाणारं एकूण रक्त कमी झालेलं नसतं, कधी वाढलेलंही असतं, आणि तरी लघवी थांबते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर मेलेल्या पेशीही अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी सापडतात. आज बहुतेक अभ्यासकांचं मत असं की सूज, सूक्ष्म रक्तवाहिन्यांतला बिघाड आणि पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची मोडतोड, ही तिन्ही मिळून पेशीला कामातून माघार घ्यायला लावतात. किडनी दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळते आणि त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात ओढून घेते. या ओढण्याला प्रचंड ऊर्जा लागते. गावात वीज कमी पडली की शेतातल्या मोटारी आधी बंद करतात आणि घरातला दिवा तेवढा चालू ठेवतात, तसं संकटातली पेशी आपलं काम थांबवून जीव राखते. हे चित्र बरोबर असेल तर पेशीचा ऊर्जेचा कारभार सांभाळणारं औषध उपयोगी पडायला हवं. मधुमेहाच्या गोळ्यांकडे संशोधकांची नजर वळली ती इथून.

पहिली गोळी मेटफॉर्मिन. मधुमेहाच्या घरात हिची ओळख करून द्यायला नको. तिचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या एका वनस्पतीत आहे. १९२२ साली डब्लिनमध्ये व्हर्नर आणि बेल यांनी ती प्रयोगशाळेत बनवली आणि मग ती विसरली गेली. १९४९ च्या सुमारास फिलिपिन्समध्ये युसेबिओ गार्सिया या डॉक्टरांनी ती ‘फ्लुमामिन’ या नावाने फ्लूच्या रुग्णांना दिली आणि तिने रक्तातली साखर उतरते अशी नोंद केली. पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये ती मधुमेहावर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. म्हणजे आज संसर्गाच्या रुग्णांवर तपासायला घेतलेली ही गोळी मधुमेहाची होण्याआधी संसर्गाच्याच रुग्णांना दिली गेली होती. अमेरिकेत मात्र तिला परवानगी मिळायला १९९४ उजाडलं. तिचीच बहीण असलेलं फेनफॉर्मिन १९७० च्या दशकात बाजारातून काढावं लागलं होतं, कारण त्याने रक्तात लॅक्टिक ॲसिड साठून माणसं दगावली.

हा इतिहास सांगायचं कारण आहे. मेटफॉर्मिन पेशीतली एएमपीके नावाची यंत्रणा जागी करतं. ऊर्जा कमी पडतेय हे ओळखून काटकसर करायची आणि मोडके मायटोकॉन्ड्रिया साफ करायचे, हे या यंत्रणेचं काम. सेप्सिस झालेल्या उंदरांत ही यंत्रणा चेतवल्यावर जास्त उंदीर जगले. पण मेटफॉर्मिन शरीराबाहेर पडतं ते फक्त किडनीतून. किडनी थांबली की ते साठतं आणि लॅक्टेट वाढवू शकतं. सेप्सिस किती गंभीर आहे हेसुद्धा डॉक्टर लॅक्टेटवरूनच जोखतात. किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली गेली तर मेटफॉर्मिन देऊ नये, हा नियम त्यामुळेच आहे, आणि सेप्सिसचा रुग्ण अत्यवस्थ असेल तर दाखल होताच डॉक्टर ही गोळी बंद करतात. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठाने नेमकी हीच गोळी सेप्सिसमध्ये किडनीला इजा झालेल्या रुग्णांना देऊन बघण्याची छोटी चाचणी हाती घेतली. तिचं पहिलं उद्दिष्टच सुरक्षितता हे आहे, ते यासाठी.

आधीच्या नोंदींवरून आशा वाटावी असं पुष्कळ काही आहे. सेप्सिस झालेल्या मधुमेहींपैकी जे मेटफॉर्मिनवर होते त्यांच्यात मृत्यू कमी, असं अनेक रुग्णालयांच्या कागदपत्रांवरून निघालं. वाचकाने इथे जरा थांबावं. रुग्णालयात आल्यावरही मेटफॉर्मिन कुणाचं चालू राहतं? ज्याची किडनी बरी आहे, जो तोंडाने गोळी घेऊ शकतो, ज्याचा रक्तदाब पडलेला नाही, त्याचं. जो अत्यवस्थ आहे त्याचं पहिल्याच तासाला बंद होतं. मग कमी मृत्यूचं श्रेय गोळीचं की रुग्ण मुळातच कमी आजारी असण्याचं? आकडेशास्त्राने हा फरक पुष्कळ पुसता येतो, पण पुरता पुसता येत नाही. सारख्याच आजारी माणसांच्या दोन गटांत चिठ्ठ्या टाकून एकाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी औषधाविना गोळी द्यायची, आणि कुणाला काय मिळालं हे डॉक्टरलाही कळू द्यायचं नाही, याखेरीज दुसरा भरवशाचा मार्ग माणसाला अजून सापडलेला नाही.

दुसरी गोळी डॅपाग्लिफ्लोझिन. किडनीच्या नळ्यांत साखर आणि सोडियम एकत्र परत ओढणारा एक दरवाजा असतो. ही गोळी तो अडवते. साखर लघवीवाटे निघून जाते आणि नळीच्या पेशींचं कामही हलकं होतं. हृदय कमजोर झालेल्या आणि जुनाट किडनीविकाराच्या रुग्णांना तिने फायदा होतो हे २०१९ आणि २०२० च्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं, मधुमेह नसलेल्यांनासुद्धा. २०२० च्या अखेरीस भारतात तिचं पेटंट संपलं आणि ती तालुक्याच्या मेडिकलवरही स्वस्तात मिळू लागली. कोविडमध्ये सात देशांतल्या १,२५० रुग्णांवर तिची चाचणी झाली. त्या सातांत भारतही होता. अवयव निकामी होणं किंवा मृत्यू, गोळी घेतलेल्या ६२५ जणांपैकी ७० जणांत, न घेतलेल्या ६२५ पैकी ८६ जणांत. फरक दिसतो, पण तो निव्वळ योगायोगाचाही असू शकतो इतका लहान. पुढे ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत तिच्याच जातीची एम्पाग्लिफ्लोझिन ४,२७१ रुग्णांत तपासली, आणि मृत्यूंत काहीच फरक पडला नाही.

आपल्या विषयाला सर्वांत जवळची चाचणी ब्राझीलची, ‘डिफेंडर’ नावाची. २२ आयसीयूंतले ५०७ अत्यवस्थ रुग्ण. सगळेच सेप्सिसचे नव्हते, पण अवयव निकामी व्हायला लागलेले होते. निकाल २०२४ मध्ये आला: मृत्यू, डायलिसिस आणि आयसीयूतला मुक्काम एकत्र धरले तर फायदा सिद्ध झाला नाही. फक्त डायलिसिसचा आकडा वेगळा काढला तर गोळीच्या गटात २४८ पैकी २७ जणांना ते लागलं, दुसऱ्या गटात २५९ पैकी ३९ जणांना. या आकड्याने मनात आशा धरता येते आणि त्यावरून पुढची मोठी चाचणी आखता येते. त्याच्या बळावर उद्यापासून रुग्णाला गोळी लिहून देता येत नाही. उपाशी, अत्यवस्थ रुग्णात या गोळीने साखर न वाढताही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, हे विसरून चालणार नाही.

मधुमेहाचं औषध आयसीयूत शिरल्याची याहून जुनी आणि कडू हकीकत इन्सुलिनची आहे. २००१ साली बेल्जियममधल्या लूवेनच्या एका रुग्णालयाने जाहीर केलं की इन्सुलिन देऊन साखर अगदी निरोगी माणसाइतकी खाली ठेवली तर आयसीयूतले मृत्यू कमी होतात. जगभर ही पद्धत पसरली, आपल्याकडेही आली. पुढे ६,१०४ रुग्णांची ‘नाइस-शुगर’ चाचणी झाली. २००९ मध्ये तिचा निकाल आला तेव्हा कडक नियंत्रणाच्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के रुग्ण दगावलेले होते आणि सैल नियंत्रणाच्या गटात २४.९ टक्के. ज्यात भलं होतंय असं वाटत होतं त्यात माणसं मरत होती, आणि एकेकट्या डॉक्टरला खाटेशेजारी उभं राहून ते कधीच कळलं नसतं. किडनी वाचवायची म्हणून डोपामिनचं बारीक ठिबक लावायची पद्धत अशीच वर्षानुवर्षं चालली आणि २००० सालच्या एका चाचणीने तिचा काहीच उपयोग नसल्याचं दाखवलं. जुनं औषध आहे, स्वस्त आहे, ‘देऊन बघायला काय जातं’, असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा मला या दोन चाचण्या आठवतात.

एका आजाराचं औषध दुसऱ्यावर तपासून जग बदलल्याचं उदाहरण मात्र आपल्याच मातीत आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली मुलं तिथे यायची. घाम, लाळ, गार पडलेले हातपाय, आणि काही तासांत फुफ्फुसात पाणी. गंभीर रुग्णांतले ३० टक्क्यांच्या घरात दगावत. बावस्करांनी रुग्णाशेजारी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी केल्या आणि निष्कर्ष काढला की विषाने रक्तवाहिन्या आवळून हृदयावर भार येतो. मग त्यांनी प्राझोसिन दिलं. हे होतं उच्च रक्तदाबाचं साधं औषध. त्यांचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, मृत्यू एक टक्क्याच्या आसपास उतरले, आणि विंचवाचा त्रास असलेल्या अनेक देशांनी ही पद्धत उचलली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण मला त्याहून मोठं वाटतं ते पुढचं. ज्या औषधाने नाव झालं, ते एकटं पुरेसं आहे का, हा प्रश्न त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी स्वतःच विचारला. महाडमध्ये ७० रुग्णांचे दोन गट केले: एकाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिलस. दहा तासांत दुसऱ्या गटातल्या ३५ पैकी ३२ जणांचा त्रास पूर्ण थांबला, पहिल्या गटात ३५ पैकी ८ जणांचा. निकाल २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. आपल्या लाडक्या औषधाला असं परीक्षेला बसवणारा डॉक्टर तालुक्याच्या गावात होता, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनीही तेच केलं. नवजात बाळांच्या सेप्सिसवर जेंटामायसिन आणि कोट्रायमोक्साझोल ही जुनीच औषधं, पण ती गावातल्या प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरी दिली. १९९९ च्या त्यांच्या अहवालात सेप्सिस झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलेलं दिसतं.

मग सेप्सिसमधल्या किडनीची चाचणी मराठवाड्यात का होऊ नये? पिट्सबर्ग किंवा ब्राझीलचा निकाल आपल्याला जसाच्या तसा लागू पडेल असं मी मानत नाही. आपला रुग्ण अनेकदा वयाने लहान असतो, उशिरा पोचतो, शरीरातलं पाणी आटलेलं असतं, पोटात दुखण्याच्या गोळ्या गेलेल्या असतात. पावसाळ्यात डेंग्यू, स्क्रब टायफस, सर्पदंश हे सगळे एकाच वॉर्डात असतात. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार बाजारात असलेलं औषध नव्या आजारावर निव्वळ अभ्यासासाठी तपासायचं असेल तर नीतिशास्त्र समितीची मंजुरी पुरते. चाचणीची नोंद देशाच्या सार्वजनिक नोंदवहीत आधी करावी लागते, ती कुणालाही पाहता येते. अडचण पैशाची आहे. इतक्या स्वस्त गोळीवर कुठलीही कंपनी कोट्यवधी खर्च करणार नाही. हा खर्च सरकारनेच करायचा असतो, आणि डायलिसिसवर होणाऱ्या खर्चापुढे तो मोठा नाही.

संमतीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. रुग्ण शुद्धीवर नसतो. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या बायकोने किंवा मुलाने काही मिनिटांत ठरवायचं असतं. त्यांना मराठीत, बसून, घाई न करता सांगायला हवं की यात गोळी मिळेलच असं नाही, नाही म्हटलं तरी उपचार तसाच चालू राहील, आणि इजा झाली तर भरपाईचा हक्क आहे. हे सांगायला वेळ नसलेल्या ठिकाणी चाचणी करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढची प्रकरणं वाचताना वाचकाने एवढं ध्यानात ठेवावं. घरात कुणाला ताप, जखम किंवा संसर्ग असेल तर लघवी किती वेळा आणि कधी झाली याकडे लक्ष द्या. सहा-आठ तास ती झाली नाही, किंवा माणूस बरळायला लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. दुखण्याचं इंजेक्शन स्वतःहून मागू नका. चालू असलेल्या गोळ्यांची सगळी पाकिटं बरोबर न्या आणि साखरेची गोळी कोणती, शेवटची कधी घेतली, हे पहिल्याच डॉक्टरला सांगा. ती चालू ठेवायची की थांबवायची हे त्यालाच ठरवू द्या. आज घडीला मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन ही सेप्सिसमधल्या किडनीच्या इजेवरची औषधं नाहीत. त्यांची तपासणी अजून पुरी झालेली नाही.